उजवा पाय

सोनेगावला पहाटे साडेपाचला
हँगरचं दार ढकलायला आम्ही दोघी लागतो.
कॅप्टन उईके सव्वीस वर्षांची,
मी बावन्न. बरोब्बर दुप्पट.
ती "उजवा पाय, मॅडम" म्हणते
तेव्हा मात्र मी बालवाडीत असते.

पंखाखालून थोडं पेट्रोल
काचेच्या नळीत काढायचं, उजेडाकडे धरायचं.
पाणी असेल तर तळाशी बसतं.
निळं असतं हे पेट्रोल,
आमच्या ऑफिसातल्या दौतीत पाणी घातल्यासारखं.

सत्तावीस वर्षं नगर भूमापनात गेली.
महालातल्या दोन भावांमधली भिंत
मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा नऊ इंच,
आणि तिन्ही वेळा धाकटा म्हणाला, बाई, पुन्हा पाहा ना.
तिपाईवरच्या आमच्या फळीला प्लेन टेबल म्हणतात.
निरोपाच्या दिवशी धुर्वे शिपाई म्हणाला,
"मॅडमनं टेबल ठेवलं, प्लेन घेऊन चालल्या."
बाकीची भाषणं मी विसरले.

डोंगरगावचा प्लॉट विकला, पंधराशे चौरस फूट.
त्याचे तास घेतले.
एका तासाला वीस फूट पडतात, म्हणजे एक मोरी.
पहिल्या महिन्यात स्वयंपाकघर उडालं.
मग आठवडाभर धुळीनं काही दिसेना
म्हणून देवघर तेवढं वाचलं.
वर्ध्याची बहीण फोनवर म्हणाली,
"लोक घर बांधून राहिले, तू जाळून राहिली."
खरंच आहे. ताशी वीस फूट.

पूर्ण जोर दिला की विमान डावीकडे ओढतं.
का, ते तिनं फळ्यावर काढून दाखवलं.
मला समजलं, पायाला नाही.
पायाला गियर, ब्रेक, शिलाई मशीन एवढंच ठाऊक.
पन्नास नॉट.
मी मुठी आवळते, ती माझी दोन बोटं मोकळी करते:
"कपबशी धरता ना, तसं."
आणि चाकांची खडखड थांबते.
एवढंच होतं. खडखड थांबते.

कोराडीच्या चिमण्यांचा धूर पूर्वेला झुकलाय,
वारा कुठून, ते तो सांगतो.
अंबाझरी पालथ्या ताटलीएवढं.
वरून म्हणे हद्दी दिसत नाहीत.
म्हणणाऱ्यांनी कधी मोजल्या नसतील.
मला तर कुंपण दिसतं, कुंपणाबाहेर सरकलेला संडास दिसतो,
रस्त्यात सहा फूट आलेली गच्ची दिसते,
नोटीस कुणी काढायची तेही आठवतं.

काल उतरताना तीनदा आपटलं.
"लँडिंग तीन, पैसे एकाचेच," ती म्हणाली,
मग हसू आवरून:
"तुम्ही चाकाखालची जमीन बघता.
रनवेचं पार टोक बघा.
जमीन येते आपोआप."
सत्तावीस वर्षं चाकाखालचीच बघितली, बाई.
पगारच तिचा होता.

आज नऊला ऊन चढलं.
खापरीपुढच्या काळ्या पडीक रानावरून
गरम हवेनं आम्हाला उचललं,
उकळत्या भातावरच्या झाकणासारखं.
पोट जागेवर यायला वेळ लागला.
तेवढ्यात डावीकडे तो दिसला.
गट नंबर न बघता ओळखला,
कोपऱ्यातल्या पळसावरून.
नव्या मालकानं स्लॅब टाकलाय,
मातीचे बांध घालून वर पाणी भरलंय
सिमेंट मुरायला.
चौकोन चौकोन पाण्याचे,
स्वयंपाकघर, मोरी, समोरची खोली,
एकेकात ऊन पेटत गेलं,
जसे आम्ही सरकलो तसं.

मी मोजत होते.
तीन, चार,
पाचव्यावर पंख कलला, नाक भलतीकडे वळलं,
कानात, अगदी शांतपणे:

"उजवा पाय, मॅडम."

दाबला.